शंभरावं पान

मालनताईंनी खानावळीच्या ओट्यावर वही उघडली. वारलेल्या नवऱ्याच्या आठवणींचं रोज एक पान, असे शंभर दिवस, की समोरची यंत्राची पेटी ती पानं वाचून त्यांच्या, श्रीपतरावांच्या, आवाजात बोलणार होती. एक खाडा पडला तर पुन्हा पहिल्यापासून. आतापर्यंत दोनदा पडला होता.

आज शंभरावा दिवस. मुदत दुपारी बाराची, आणि पावणेबारा झाले होते.

“ताई, चाळीस डबे भरायचेत, भाजी खाली लागतेय,” हाताखालची हौसा म्हणाली.

“तू भर. मला आता काही आठवतच नाही गं.”

पिठाच्या हातांनी त्यांनी सुचलं ते लिहिलं: ‘ते रोज दारातून मला नावाने हाक मारायचे.’ हे खरं नव्हतं. तीस वर्षं ते नुसतं ‘अगं’ म्हणत. इतकी साधी गोष्ट नव्याण्णव पानांत लिहायची राहूनच गेली होती.

पेटीने पान वाचलं. मग तोच घोगरा आवाज आला, “मालन.”

“अगं म्हणा,” मालनताई पुटपुटल्या. “एकदाच अगं म्हणा.”

“असं काय करतेस, मालन?” आवाज मायेने म्हणाला. “मी तर रोज नावानेच हाक मारतो.”