हाताला हलकं

"उचल. त्या दारापर्यंत चालत जा आणि परत ये," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने शिलाई मशीन उचललं. दुकानातल्या टेबलांमधून वाट काढत ती दारापर्यंत गेली, परत आली. खाली ठेवताना तिच्या तोंडून नकळत हुश्श निघालं. सासूबाईंनी लगेच मान हलवली.

"हे नको. जिने चढताना तोंडाला फेस येईल."

"पण आई, हे जाड कापडही शिवतं. जीन्सचे पदर एकावर एक घातले तरी अडत नाही."

"शिकायला येणाऱ्या बायका पहिल्याच दिवशी जीन्स शिवणार आहेत का? हलकं बघ."

दूरच्या शहरातल्या एका संस्थेने सुनेला शिवण शिकवायला बोलावलं होतं. काही दिवस एका वस्तीत वर्ग, मग दुसरीकडे. मशीन ज्याचं त्याने घेऊन फिरायचं. हे काम शोधून काढलं होतं सासूबाईंनीच, सुनेला न विचारता.

सुनेचा नवरा गेल्यापासून त्या दोघीच घरात होत्या. पुढच्या खोलीत सासूबाई कापड बेतायच्या, सून शिवायची. येणारी गिऱ्हाइकं त्यांना मायलेकीच समजायची. अलीकडे मात्र सासूबाईंचं काहीतरी बिनसलं होतं. त्यांनी सुनेचं कपाट रिकामं करून घेतलं, तिची खोली भाड्याने द्यायचं ठरवलं. "सुट्टीला येत जाईन," असं तिने म्हटलं की त्या फटकन म्हणायच्या, "कशाला? इथे काय ठेवलंय?" मुलगाच राहिला नाही, तर सून तरी कशाला हवी, असंच त्यांना वाटत असणार. सुनेने हे मनाशी धरलं होतं आणि गिळूनही टाकलं होतं.

दुकानदार कपाटातून आणखी एक मशीन काढत म्हणाला, "काकू, घरीच ठेवायचंय, की न्यायला-आणायला हवंय?"

"न्यायला," सासूबाई म्हणाल्या. "आणायचं नाही."

दुकानदार हसला. त्याला ती थट्टा वाटली. सुनेने मान खाली घालून पर्सची चेन उगाचच उघडली आणि लावली.

नवं मशीन छोटंसं होतं. वर धरायला मूठ, घट्ट बसणारं झाकण, मोजकेच टाके. "जाड कापडाला जरा कुरकुरतं," दुकानदाराने कबूल केलं. "पण फिरतीवर याच्यासारखं नाही. खिशालाही परवडेल. रंग दोन आहेत."

"रंगाचं काय करायचंय? त्याला कुठे लग्नात मिरवायचंय," सासूबाई म्हणाल्या. सुनेलाही हसू आलं. असं त्या पूर्वी बोलायच्या.

तिने एका हाताने मशीन उचललं. सहज उचललं गेलं. दारापर्यंत जाऊन आली, तरी हात भरून आला नाही. सासूबाई तिच्या खांद्याकडे बघत होत्या, तो झुकतोय का ते.

"हेच," त्या म्हणाल्या.

"मग शिवून बघा की," दुकानदाराने कापडाचा तुकडा आणि दोऱ्याचं रीळ त्यांच्या पुढ्यात सरकवलं. "तुमचा हात शिवणाऱ्याचा आहे, बघताक्षणी कळतं."

"शिकवणार ती आहे. तीच बघेल."

"दोरा तरी ओवा, काकू. बोहनी तुमच्या हातची."

आता नाही म्हणणं वाईट दिसलं असतं. सासूबाईंनी दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं आणि सुईजवळ नेलं. टोक नेढ्याच्या डावीकडे गेलं. मग उजवीकडे. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं, तर दोन्ही हात थरथरायला लागले. दुकानदार नजर वळवून बिल करायला निघून गेला. सासूबाईंनी दोरा सोडला आणि हात पिशवीखाली घातले.

सुनेने पुढे होऊन दोरा ओवला. शिवण घालता घालता तिला एकेक आठवत गेलं. काजं-बटणं सगळी आपल्याकडे आली ती कधीपासून. कप अर्धाच भरून मागायला लागल्या त्या कधीपासून. कापायची कात्री तर कित्येक दिवसांत त्यांच्या हातात दिसली नव्हती. शिवण वाकडी गेली, तरी दुकानदार "छान" म्हणाला.

मशीन घेऊन दोघी बाहेर पडल्या. बसथांब्यावरच्या बाकावर सुनेने ते मधे ठेवलं.

"डॉक्टरांकडे गेला होतात?"

"जाऊन आले."

"काय म्हणाले?"

"वाढत जाणार. माझ्या सासूबाईंचंही हातापासूनच सुरू झालं होतं. पुढे कूससुद्धा बदलता येईना त्यांना."

सुनेने ती गोष्ट लग्न झाल्यापासून ऐकली होती. सासूबाईंनी आपल्या सासूचं वर्षानुवर्षं किती केलं, याचं नातेवाइकांत अजून कौतुक व्हायचं. सुनांना त्यांचं उदाहरण दिलं जायचं.

ती उठली आणि तिने मशीनची मूठ धरली. "मी कुठेही जात नाहीये. हे परत करू या. तुम्ही त्यांचं केलंत, मी तुमचं करेन."

"बस खाली."

"आई..."

"बस म्हणते ना." सासूबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. तो थरथरत होता आणि या वेळी त्यांनी तो लपवला नाही. समोरून एक बस आली, थांबली आणि निघून गेली. कोणीच उठलं नाही. मग त्या हळूच, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल सांगावं तशा बोलल्या.

"माझ्या सासूबाईंवर माझा फार जीव होता गं. त्यांचं करता करता तो संपला. तुझा माझ्यावर आहे, तोवर जा."