अळणी काकडी
उपवासकाळात तोंडून शिवी गेली, की मार्थाबाई त्या दिवशी मीठ खात नसे. ख्रिस्ती माणसाच्या तोंडात शिवी नको, म्हणून हा नेम. आज तिची सून जीपमध्ये बाळंतकळांनी विव्हळत होती आणि ड्रायव्हर खाली उभा राहून तंबाखू मळत होता. “बाबा, निघ ना रे, कासा गावचा दवाखाना लांब आहे.” “दोन सीट येऊ द्या, मावशी. तुम्ही मिशनवाले ना? प्रार्थना करा, येतील लवकर!” तिने पुन्हा हात जोडले. तो हसला. मग बाप अडेल बैलाला घालायचा ती अख्खी शिवी तिने त्याला हासडली. जीप थेट दवाखान्यात थांबली. नात झाली. ओशाळलेल्या ड्रायव्हरने तिच्यासाठी काकडी चिरली, मिठाची पुडी सोडली. “मीठ नको रे.” “का, मावशी?” “मऊ बोलले तेव्हाच निघाला असतास, तर माझं मीठ वाचलं असतं.”