चौथी वायर

सौंसरहून पांढुर्ण्याकडे जाताना चढाच्या पायथ्याशी उत्तमचं गॅरेज होतं. दुपारी भिवाजीकाका आपली जुनी पांढरी गाडी घेऊन आले. मागच्या सीटवर वच्छलाकाकू, मांडीवर लेकीसाठी संत्र्यांची पिशवी.

"हळू चालवली का दमच नाही राहत तिच्यात. चढावर तं मरून राहिली, बाबू," काका म्हणाले.

"चालूच ठेवा, काका." उत्तमनं बोनेट उघडलं. इंजिनात ठिणगी देणाऱ्या एकेका प्लगची वायर काढून पाहायची. जी काढल्यावर आवाज बदलत नाही, तिथला सिलिंडर मेलेला.

त्यानं पहिली काढून हातात धरली. आवाज बदलला नाही. दुसरी काढली, तरी नाही. तिसरीला त्याचा हात जरा रेंगाळला.

चौथी, शेवटची, निघाल्यावर इंजिन बंदच पडायला हवं होतं. ते उलट एका लयीत, गोड चालू लागलं.

"आता कशी जमली!" काकांनी खुशीत रेस दिली आणि उतरून स्वतःच बोनेट लावलं. "उजेडातच पोचतो पोरीकडे, पांढुर्ण्याले."

वायरी मुठीत धरूनच उत्तम 'थांबा, थांबा' म्हणत मागे धावला. काकूंनी काचेतून हात हलवला.

गाडी सहज चढ चढून दिसेनाशी झाली. उत्तमच्या मुठीतल्या चारही वायरी मात्र अजून तिच्या ठोक्यावर धडधडत होत्या.