आवाज सांगणारं घड्याळ

शाळेने ऐकू न येणाऱ्या मुलांना नवी घड्याळं दिली. आसपास मोठा आवाज झाला की घड्याळ मनगटावर थरथरायचं आणि कसला आवाज ते अक्षरांत दाखवायचं: दार वाजतंय, कुकरची शिट्टी झाली. लेक हरखून गेली. आईला मात्र ते घरात नको होतं.

कारण आजवर तिची एक युक्ती होती. जिन्यात नवऱ्याची पावलं वाजली, की ती लेकीला बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून अभ्यासाला बसवायची आणि तो स्वयंपाकघरात आला की दार आतून लावून घ्यायची. त्या संध्याकाळीही तिने तेच केलं. घड्याळ तेवढं काढून घ्यायला गेली, तर लेकीने मनगट पाठीमागे लपवलं.

आत नवऱ्याने केस धरून तिचं डोकं ओट्यावर आपटलं. ताटं धाडधाड खाली आली.

"ओरड की! तुझ्या लेकीला कुठे ऐकू येतंय!"

कमरेत लाथ बसली तेव्हा तिच्या तोंडून किंकाळी निघालीच.

तो तणतणत घराबाहेर पडल्यावर ती ओठावरचं रक्त पुसून, हसू ओढूनताणून चेहऱ्यावर आणून बाहेरच्या खोलीत आली. लेक मनगटावरची अक्षरं वाचत होती: भांडी पडली. कुणीतरी किंचाळलं.

"बिघडलंय गं बाई ते," आईने घाईघाईने खुणांनी सांगितलं. "काहीसुद्धा झालं नाही. उद्या शाळेत परत देऊन टाकू."

लेकीने तिच्या फाटलेल्या ओठाला हलकेच बोट लावलं. मग तिचेही हात बोलू लागले.



"घड्याळ आत्ता आलं, आई. इतकी वर्षं मला पायाखालची फरशी थरथरून सांगायची."