झडती

नोटांच्या छापखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने धात्रकांचा डबा उघडला. उरलेली पोळीसुद्धा उलगडून पाहिली.

"अरे, आज निवृत्त झालो. तरी झडती?"

"नियम आहे, काका. आता घर बांधणार ना?"

धात्रकांना सकाळीच प्लॉटवाला म्हणाला होता, साठवलेल्या पैशांत आता अर्धाच प्लॉट येईल. "सरकारची उधारी भागवायला तुम्हीच नोटा छापत सुटलात. मग पैशाला किंमत कशी राहणार?"

भोंगा वाजला. पहारेकऱ्याने फाटक सताड उघडलं आणि नोटांनी भरलेल्या ट्रकला कडक सलाम ठोकला.

उभ्या नोकरीत कागदाचा कपटाही बाहेर न नेलेल्या धात्रकांनी विचारलं, "आणि याची झडती? माझं अर्धं घर चाललंय रे त्यात!"

पहारेकरी खो खो हसला. "डबा न्या, काका. काही सापडलं नाही."