वहीतली निरंक

१९७९ साली मी एका संस्थेच्या बालगृहात कारकून होते. मुलांच्या तक्रारींची वही माझ्याकडे असे. दर शनिवारी अधीक्षिकाबाई मुलांना रांगेत उभं करून विचारायच्या, "काय रे, कुणाला काही त्रास?" कुणाची बोलायची हिंमत! मग मी माझ्या वळणदार अक्षरात लिहायची, 'तक्रार: निरंक'.

एकदा नुकतीच वाचायला शिकलेली चिमी माझ्या टेबलाशी आली. वहीवर बोट ठेवून म्हणाली, "ताई, ही निरंक कुठल्या खोलीत राहते?"

"का गं?"

"दर शनिवारी तिचीच तक्रार लिहिता. माझी कधी लिहिणार?"

मला हसू आवरेना. "बरं बाई, सांग तुझी."

"बाई मला अडगळीच्या खोलीत कोंडतात. रडले की हात बांधतात." तिने मनगटं पुढे केली. दोरीचे वळ होते.

त्या शनिवारी मी निरंकच्या जागी चिमीचं नाव लिहिलं.

चौकशी झाली. समितीने मागची सहा वर्षं चाळली; सगळी निरंक, तीही माझ्याच अक्षरात. अधीक्षिकाबाई निर्दोष सुटल्या आणि बढतीवर याहून मोठ्या बालगृहात गेल्या. माझी नोकरी गेली. चिमीला तिची मावशी घेऊन गेली.

चिमी आता सरकारतर्फे बालगृहं तपासते. वहीत निरंक दिसली की म्हणते, "आधी हिला बोलवा. हिची तक्रार फार वर्षं राहिलीय."