एक्स्पायर

“पोरगी डायव्हर्सी हाय. कोर्टाचा मॅटर क्लिअर. टेन्शन न्हाई,” रेश्माचे वडील भाऊसो म्हणाले आणि तक्क्याला टेकले.

“आमच्यातबी तसंच हाय,” समोरचा शिवतेज म्हणाला. “फस्ट वाइफ एक्स्पायर झाली. सेकंडला घरच्यांचा फुल सपोर्ट हाय.”

पलूसच्या त्या बैठकीच्या खोलीत चारच माणसे होती. दुसरेपणाचे बघणे गाजावाजा न करता उरकायचे असते. म्हणून शिवतेज पाटणहून फक्त आईला, शालूबाईंना, घेऊन आला होता. भाऊसोंचे इंग्रजी फौजेतले, शिवतेजचे पुण्याच्या गोडाऊनमधले. दोघांनाही त्या भाषेत साधा अर्ज लिहिता आला नसता. मराठीत जे बोलायला जड जाते, तेवढे मात्र दोघेही इंग्रजीत बिनचूक बोलत होते.

रेश्माची त्याबद्दल तक्रार नव्हती. ती माहेरी परतली तेव्हा गल्लीने तिला ‘टाकलेली’ म्हटले असते. वडिलांनी घाईने ‘डायव्हर्सी’ हा शब्द पुढे केला आणि गल्लीने तो मानला. त्या एका शब्दाच्या आडोशाने ती आजवर मान वर करून चालली होती. आडोसा कुणालाही घेता येतो, हे आता, या माणसाकडे बघताना, तिच्या ध्यानात आले.

“एक्स्पायर कशानं झाल्या?” तिने विचारले.

“रेश्मा!” भाऊसो दबक्या आवाजात म्हणाले.

“विचारू द्या की, मामा. आपण लय फ्री हाय,” शिवतेज हसला. “तिला डिप्रेशन हुतं. ॲडजस्टमेंट झाली न्हाई.”

“हुतंय तसं,” भाऊसोंनी लगेच मान डोलावली. “ॲडजस्टमेंटचाच प्रॉब्लेम हाय आजकालच्या पोरींचा.”

रेश्माने डावे मनगट पदराखाली घेतले. ते मोडले त्या दिवशी, दवाखान्याच्या वाटेवर, तिच्या नवऱ्यानेही हाच शब्द वापरला होता. एवढ्या सारखेपणावरून काही सिद्ध होत नाही, हे तिला कळत होते. म्हणून ती शालूबाईंकडे वळली.

“मावशी, तुमी सांगा. मराठीत.”

शालूबाईंनी सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली. त्यांना इंग्रजी येत नव्हते.

“हिरीत घावली,” त्या म्हणाल्या.



“म्हंजे सुसाइड,” भाऊसो म्हणाले. शब्द सापडल्याची सुटका त्यांच्या आवाजात स्पष्ट ऐकू आली.

“नाव काय हुतं त्यांचं?” रेश्माने विचारले.

शालूबाईंचे ओठ हलले. शिवतेजने आईकडे पाहिले. तो आता हसत नव्हता. शालूबाईंनी पदर तोंडाला लावला.

“त्ये नाव घरात कुणी घ्यायचं न्हाई,” तो म्हणाला. “रूल हाय आमचा.”

रेश्मा उठली.

“मग माझंबी कुणी घिऊ नगा.”